दर महिन्यात कुठल्या दोषाचा किती टक्का? पॉवर बीआय ऐकेना

वाळूचाळ
नमस्कार मंडळी. शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) क्वालिटी बघतो. इतकी वर्षं रिजेक्शनचा रिपोर्ट एक्सेलमध्ये निघायचा, कुणाची तक्रार नव्हती. आता मालकांचे चिरंजीव पुण्याहून शिकून आलेत आणि सगळं पॉवर बीआयमध्ये (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट काढायचं सॉफ्टवेअर) पाहिजे म्हणतात. मला काय, शिकायला हरकत नाही. पण एका साध्या गोष्टीवर गाडी अडलीय.

खरे आकडे देता येत नाहीत, समजायला सोपे धरतो. ब्लोहोल म्हणजे कास्टिंगमध्ये वायू अडकून पडलेली पोकळी, सँड इन्क्लुजन म्हणजे आत अडकलेली वाळू, श्रिंकेज म्हणजे धातू थंड होताना आकसून पडलेली पोकळी.

जून: ब्लोहोल २१०, सँड इन्क्लुजन २४०, श्रिंकेज ९०, इतर ६०. एकूण ६०० नग.
जुलै: ब्लोहोल १८०, सँड इन्क्लुजन १२०, श्रिंकेज ६०, इतर ४०. एकूण ४०० नग.

मला जुलैच्या ब्लोहोलसमोर ४५ टक्के पाहिजेत, म्हणजे १८० भागिले ४००. 'शो व्हॅल्यू अ‍ॅज'मध्ये जाऊन 'पर्सेंट ऑफ ग्रँड टोटल' केलं तर १८ येतात, कारण ते दोन्ही महिन्यांच्या १००० नगांनी भागतंय. प्रत्येक महिना आपापला १०० टक्के व्हायला पाहिजे. कसं करायचं?

पिवटपंत
मॅट्रिक्स घ्या. दोषाचा प्रकार रोमध्ये, महिना कॉलममध्ये. मग 'शो व्हॅल्यू अ‍ॅज'मध्ये ग्रँड टोटल सोडून 'पर्सेंट ऑफ कॉलम टोटल' घ्या. झालं काम. एक्सेलच्या पिवटमध्येही हेच. महिना आणि प्रकार दोन्ही रोमध्ये एकाखाली एक असतील, तर एक्सेलमध्ये 'पर्सेंट ऑफ पॅरेंट रो टोटल' आहे. २०१० च्या एक्सेलपासून आहे, पण बघतो कोण!

तांबडा_पांढरा
पहिल्याच प्रतिसादात उत्तर? धागा काढायचा तरी कशाला मग. चला, मिसळ खायला.

वाळूचाळ
पंत, मॅट्रिक्समध्ये जमलं, आभार. पण चिरंजीवांना लाइन चार्ट पाहिजे, दर महिन्याला ब्लोहोलचा टक्का वर गेला की खाली आला ते दिसायला. लाइन चार्टला 'शो व्हॅल्यू अ‍ॅज' केलं की ग्रँड टोटलचाच पर्याय येतो. कॉलम टोटल दिसतच नाही.

नववी_गल्ली
लाइनच कशाला? 'हंड्रेड पर्सेंट स्टॅक्ड कॉलम' घ्या. प्रत्येक महिन्याचा खांब आपोआप १०० टक्क्यांचा, लेबलवर टक्के. फॉर्म्युल्याचा ताप नाही.

कागलकरीण
स्टॅक्डमध्ये सगळ्यात खालचा दोष नीट वाचता येतो. मधल्या थरांचा तळ दर महिन्याला हलतो, त्यामुळे ते वाढले की घटले हे डोळ्यांना कळत नाही. कल बघायचा असेल तर लाइनच बरी, आणि त्यासाठी मेजर, म्हणजे रिपोर्टमधला हिशोबाचा फॉर्म्युला, लिहावं लागतं. एकदा लिहिलं की चार्ट, कार्ड, टेबल, कुठेही वापरा.

मोबाईलवरून टाकतेय म्हणून देवनागरीत, तुम्ही टाइप करताना इंग्रजीत करा:

टक्का = डिव्हाइड( [नग], कॅल्क्युलेट( [नग], रिमूव्हफिल्टर्स( दोषमास्टर[प्रकार] ) ) )

दोषमास्टर म्हणजे दोषांच्या यादीचं टेबल. वरचा आकडा त्या महिन्यातल्या त्या प्रकाराचा. खाली भागताना प्रकाराचा फिल्टर काढून टाकला, महिन्याचा तसाच ठेवला. म्हणून खाली त्या महिन्याची बेरीज येते. कोणता फिल्टर काढायचा आणि कोणता राहू द्यायचा, एवढाच सगळा खेळ आहे.

हिंजवडीचा_पाहुणा
हे सगळं डेटाबेसमध्येच करून आणावं असं माझं मत. एसक्यूएलमध्ये एका ओळीत होतं: सम ऑफ नग, भागिले सम ऑफ सम ऑफ नग ओव्हर पार्टिशन बाय महिना. रिपोर्टमध्ये फक्त दाखवायचं. एक काळजी घ्या, नग पूर्णांकात असतील तर एसक्यूएल सर्व्हर भागाकारही पूर्णांकातच देतो. सगळीकडे शून्य दिसलं की घाबरू नका, आधी १००.० ने गुणा.

कागलकरीण
पाहुणे, डेटाबेसमधून टक्का तयार करून आणला की तो गोठला. उद्या कुणी पार्टीचा (माल घेणाऱ्या ग्राहकाचा) स्लायसर, म्हणजे रिपोर्टवरचा निवडीचा फिल्टर, लावला, की त्या पार्टीपुरता टक्का परत काढता येत नाही. नग आणा, टक्का रिपोर्टला काढू दे.

हिंजवडीचा_पाहुणा
मान्य. पीडीएफ छापून मीटिंगला न्यायचा असेल तर माझी पद्धत, क्लिक करत बसायचं असेल तर तुमची.

तांबडा_पांढरा
आमच्या घरचा डेटा: आषाढात मटण ७० टक्के, चिकन २०, अंडी १०. श्रावणात तिन्ही शून्य. शून्य भागिले शून्य किती हो ताई?

कागलकरीण
म्हणूनच भागाकाराची तिरकी रेघ न वापरता डिव्हाइड लिहिलंय. खाली शून्य आलं की ते कोरी जागा ठेवतं. तुमचा श्रावण कोरा.

तांबडा_पांढरा
श्रावण कोरा! विषय हार्ड.

वाळूचाळ
ताई, मेजर जसंच्या तसं टाकलं. सगळीकडे १०० टक्के येतायत. ब्लोहोल १००, सँड १००, श्रिंकेज १००. जूनही १००, जुलैही १००. चिरंजीव म्हणाले, "वा, सगळेच पहिल्या नंबरात पास!" 😑

नववी_गल्ली
रिमूव्हफिल्टर्सच्या जागी ऑलएक्सेप्ट वापरून बघा, फक्त महिना ठेवा आणि बाकी सगळे फिल्टर काढा. माझं त्यानं काम होतं.

पिवटपंत
किंवा रिमूव्हफिल्टर्समध्ये सरळ रिजेक्शनचं पूर्ण टेबल द्या.

कागलकरीण
थांबा, दोन्ही नको.

नववी गल्ली, ऑलएक्सेप्टनं पार्टीचा फिल्टरही उडतो. समजा स्लायसरमध्ये एकच पार्टी निवडली, तर वर त्या पार्टीचे नग आणि खाली सगळ्या पार्ट्यांचे. टक्के बारीक होतील, बेरीज १०० भरणार नाही, आणि चुकलं कुठं ते शोधण्यात दुपार जाईल.

पंत, पूर्ण रिजेक्शन टेबल दिलं की त्याला जोडलेल्या कॅलेंडरवरचा (तारखांच्या टेबलवरचा) फिल्टरही जातो. मग महिनाच उरत नाही आणि परत ते १८ टक्के.

वाळूचाळ, एक सांगा. तुमचे दोष चार्टमध्ये कोणत्या क्रमाने येतात? मास्टरमध्ये दोषाला कोड नंबर आहे का, आणि 'सॉर्ट बाय कॉलम' लावलंय का?

वाळूचाळ
होय. डी-०१ ब्लोहोल, डी-०२ सँड, असे कोड आहेत. साहेबांना त्याच क्रमाने लागतात म्हणून प्रकाराला कोडवर सॉर्ट केलंय. त्याचा काय संबंध?

कागलकरीण
तिथंच मेख आहे. प्रकार कोडवर सॉर्ट केला की पॉवर बीआय चार्ट काढताना गुपचूप कोडचा कॉलमही सोबत घेतं. तुम्ही प्रकाराचा फिल्टर काढला, पण डी-०१ चा फिल्टर तिथंच बसून राहिला. म्हणून खाली भागायलाही ब्लोहोलचेच १८० नग येतात. १८० भागिले १८०, शंभर.

उपाय: रिमूव्हफिल्टर्समध्ये प्रकार आणि कोड दोन्ही कॉलम द्या. त्याहून सोपं, पूर्ण दोषमास्टर द्या. ते फक्त दोषांचं टेबल आहे, त्यात महिना नाही, त्यामुळे महिना शाबूत राहतो.

वाळूचाळ
आलं! जुलै ब्लोहोल ४५, सँड ३०, श्रिंकेज १५, इतर १०. जून ३५, ४०, १५, १०. ताई, कागलला आलो की चहा नक्की.

टेबलोवाला
टॅब्लोमध्ये (पॉवर बीआयसारखंच दुसरं सॉफ्टवेअर) हे दोन क्लिकमध्ये होतं. क्विक टेबल कॅल्क्युलेशन, पर्सेंट ऑफ टोटल, आणि कम्प्युट युजिंगमध्ये दिशा निवडायची. महिने आडवे असतील तर 'टेबल डाउन', महिना आणि प्रकार एकाखाली एक असतील तर 'पेन डाउन'. 'फिक्स्ड'चा फॉर्म्युला लिहूनही होतं, पण साधा फिल्टर फिक्स्डला लागत नाही, त्यासाठी तो कॉन्टेक्स्टमध्ये टाकावा लागतो.

तांबडा_पांढरा
आले बघा प्रचाराला.

पिवटपंत
पॉवर बीआयमध्येही आता मॅट्रिक्समध्येच 'व्हिज्युअल कॅल्क्युलेशन' लिहिता येतं. फेब्रुवारी २०२४ ला प्रिव्ह्यूमध्ये आलं. त्यात 'पर्सेंट ऑफ पॅरेंट' तयार मिळतं. जे डोळ्यासमोर दिसतंय त्यावरच हिशोब होतो, फिल्टर काढायची कटकट नाही. मात्र त्या एका व्हिज्युअलपुरतंच असतं, दुसरीकडे परत लिहा.

नववी_गल्ली
एक शंका. दोन्ही महिने मिळून टोटलच्या ओळीत ब्लोहोल ३९ टक्के दिसतंय का? ३५ आणि ४५ ची सरासरी ४० होते. आमच्या हापिसात यावरून एकदा चांगलीच जुंपली होती, टोटल चुकीची म्हणून.

वाळूचाळ
होय, ३९ च आहे. मीही तेच विचारणार होतो.

हिंजवडीचा_पाहुणा
३९ बरोबर. २१० अधिक १८० म्हणजे ३९०, भागिले १०००. जून ६०० नगांचा आहे आणि जुलै ४०० चा, दोघांना सारखं वजन देऊन सरासरी काढली की ४० येतात. टक्क्यांची सरासरी काढू नये, नगांची बेरीज करून परत भागावं. मेजर टोटलच्या ओळीत तेच करतं.

उद्यमनगर_जुना
पोरांनो, फॉर्म्युले छान. मी उद्यमनगरात फाउंड्रीत आयुष्य काढलेला माणूस, मला संगणकातलं फार कळत नाही. एकच सांगा. या आकड्यांत जुलैला ब्लोहोल वाढले की कमी झाले?

नववी_गल्ली
वाढले. ३५ चे ४५.

पिवटपंत
कमी झाले. २१० चे १८०.

उद्यमनगर_जुना
बघा. एकाच कागदावरून दोघांची दोन उत्तरं. आता मालकानं कुणाचं ऐकायचं?

महिन्याच्या एकूण रिजेक्शनमधला वाटा काढताय, ठीक आहे. पण वाटा हा बाकीच्यांवर अवलंबून असतो. सँडचे नग निम्मे झाले, म्हणून ब्लोहोलचा वाटा फुगला. ब्लोहोलवाल्यानं काहीच केलं नाही तरी त्याचा टक्का वाढतो. आणि मीटिंगमध्ये शिव्या कुणाला? मेल्टिंगवाल्याला!

मला आधी सांगा, माल किती ओतला? वाळूचाळ, दोन्ही महिन्यांचं उत्पादन टाक.

वाळूचाळ
काका, तेही सोपं धरू. जून १२०००, जुलै ८०००. जुलैत एक मोठी ऑर्डर पुढं गेली होती.

उद्यमनगर_जुना
मग हिशोब कर. एकूण रिजेक्शन जूनला ५ टक्के, जुलैलाही ५ टक्केच. ब्लोहोल जूनला १२००० मागे २१०, म्हणजे १.७५ टक्के. जुलैला ८००० मागे १८०, म्हणजे २.२५. सँड २ वरून १.५ वर आली. म्हणजे ब्लोहोल खरोखरच वाढलेत, नववी गल्लीचं उत्तर बरोबर, पण त्यानं ज्या आकड्यावरून सांगितलं त्यावरून नव्हे.

आणि का वाढले ते मी इथं बसून सांगतो. जुलैचा कोल्हापूरचा पाऊस. ग्रीन सँडमध्ये (मोल्डच्या ओलसर वाळूत) मॉइश्चर जास्त झालं, की धातू ओतल्यावर त्याची वाफ होते. मोल्डमधून बाहेर पडायला वाट मिळाली नाही की ती कास्टिंगमध्येच अडकते. वाळूचा ढीग उघड्या शेडमध्ये असेल तर ताडपत्री बघा. मॉइश्चर शिफ्टमागे एकदा तपासताय की दर तासाला? कोअर (आतल्या पोकळीसाठी मोल्डमध्ये ठेवतात ते वाळूचे ठोकळे) भट्टीतून निघून किती वेळ बाहेर पडून असतात? दमट हवेत त्याही ओलावा ओढतात. व्हेंट (वाफ बाहेर जायच्या वाटा) वाढवा. तुमचा चार्ट हे सांगणार नाही, पण मॉइश्चरची नोंद महिन्याच्या त्याच चार्टखाली लावली तर सांगेल.

कागलकरीण
काका, लाख बोललात. वाळूचाळ, दोन मेजर ठेवा, एक वाट्याचं आणि एक उत्पादनावरचं. दोन्हींची नावं स्पष्ट ठेवा, नुसतं 'टक्का' नको. 'रिजेक्शनमधला वाटा' आणि 'उत्पादनावर दोष टक्के' असं काहीतरी. फक्त दुसऱ्याच्या खाली भागायला उत्पादनाचं वेगळं टेबल लागेल, आणि ते कॅलेंडरला जोडलेलं पाहिजे.

तांबडा_पांढरा
काका, तुम्ही सॉफ्टवेअर कंपनी काढा. आपण मार्केटिंग करू.

उद्यमनगर_जुना
आधी पावसाळ्यात वाळू कोरडी ठेवायला शिक, मग मार्केटिंग कर.

गुळाचा_रवा
उशिरा आलो. मार्केट यार्डात वडिलांची गुळाची अडत आहे, मी हिशोब बघतो. मी पण दर महिन्याला प्रतवारीप्रमाणे टक्के काढतो. दिवाळी पाडव्याला सौदे निघाले की आवक वाढत जाते, तेव्हा टक्क्यांना अर्थ असतो. पण हंगाम संपल्यावर एखाद्या महिन्यात दोन-चारच रवे (गुळाच्या ढेपा) येतात, आणि रिपोर्ट सांगतो 'एक नंबर माल १०० टक्के'! वडील म्हणतात, एवढा चांगला महिना कुठला रे हा?

कागलकरीण
अशा ठिकाणी टक्क्याशेजारी नगही दाखवा. किंवा मेजरमध्येच अट घाला, महिन्याची बेरीज ठरावीक आकड्याखाली असेल तर टक्का कोरा.

वाळूचाळ
आता नवीनच भानगड. चिरंजीवांनी स्लायसरवर फक्त ब्लोहोल आणि सँड निवडलं. माझ्या मेजरनं जुलैला ४५ आणि ३० दाखवले. ते म्हणतात, निवडलेत दोनच, मग बेरीज १०० का नाही? ६० आणि ४० यायला पाहिजेत.

पिवटपंत
रिमूव्हफिल्टर्सच्या जागी ऑलसिलेक्टेड टाका. मग खाली निवडलेल्या दोघांचीच बेरीज येते, ३००. १८० भागिले ३००, साठ.

उद्यमनगर_जुना
अजिबात नको. उद्या ते ६० टक्के कुणीतरी पार्टीच्या मीटिंगमध्ये दाखवेल, स्लायसरचा कोपरा कापलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरेल, आणि पार्टी म्हणेल तुमच्या मालात ६० टक्के ब्लोहोल.

पिवटपंत
काका, पण वापरणाऱ्यानं स्वतःहून दोनच निवडलेत. त्याला दोघांचीच तुलना करायची असेल. रिपोर्टनं त्याचं ऐकायला नको?

नववी_गल्ली
मी पंतांच्या बाजूनं. १०० न भरणारा टक्का बघितला की ऑडिटवाले डोकं खातात. आमच्याकडे राउंडिंगमुळे ९९.९ आलं तरी पत्र येतं.

हिंजवडीचा_पाहुणा
राउंडिंगचं वेगळं. तीन सारखे वाटे ३३.३ झाले की ९९.९ येणारच. ऑडिटवाल्यांना दोन दशांश दाखवा, ९९.९९ होईल, आणखी एक पत्र येईल.

कागलकरीण
आमच्याकडे बाहेर जाणाऱ्या पानावर पूर्ण महिन्याचाच पाया, तो हलवत नाही. आतल्या पानावर ऑलसिलेक्टेड, आणि शीर्षकातच 'निवडलेल्या दोषांपैकी' असं लिहून येतं. वाद मिटला नाही, पण मीटिंग वेळेत संपते.

आता मी एक विचारते, कारण आमचीही अडचण हीच आहे. वाळूचाळ, तुमचा 'महिना' कोणता? सापडल्याचा की ओतल्याचा? श्रिंकेज बऱ्याचदा पार्टीकडे मशिनिंगला लागल्यावर उघडं पडतं. जूनमध्ये ओतलेला माल ऑगस्टमध्ये डेबिट नोट होऊन परत येतो.

वाळूचाळ
ताई, सध्या नोंद केल्याची तारीखच महिना आहे. कास्टिंगवर हीट कोड (कुठल्या वेळी वितळवलेल्या धातूचं ते सांगणारा नंबर) असतो, त्यावरून ओतल्याची तारीख काढता येईल. पण मग जूनचे टक्के ऑगस्टपर्यंत बदलत राहतील. एकदा मीटिंगमध्ये दाखवलेला आकडा पुढच्या मीटिंगला वेगळा. मालक खवळतील.

उद्यमनगर_जुना
खवळू देत. ओतल्याचाच महिना धर. नाहीतर पावसाळ्यातले दोष गणपतीनंतर दिसतील, आणि तू कोरड्या हवेत वाळूचं मॉइश्चर तपासत बसशील. उत्पादनानं भागायचं असेल तर वरचे नग आणि खालचं उत्पादन एकाच महिन्याचं पाहिजे की नको?

हिंजवडीचा_पाहुणा
दोन्ही तारखा ठेवा. कॅलेंडरच्या टेबलशी एक नातं (जोडणी) चालू, एक बंद. डेबिट नोटच्या रिपोर्टपुरतं मेजरमध्ये 'यूजरिलेशनशिप' देऊन दुसरं नातं जागं करता येतं.

वाळूचाळ
बसलो परवा दिवसभर. आता लाइन चार्ट ओतल्याच्या महिन्यावर आहे, उत्पादनावरच्या टक्क्यांचा. खाली छोटं मॅट्रिक्स, त्यात वाटा आणि शेजारी नग. अलीकडचे दोन महिने फिकट रंगात ठेवलेत आणि 'माल अजून परत येऊ शकतो' अशी तळटीप दिलीय. मालकांनी फिकट रेघेवर बोट ठेवून विचारलं, "शाई संपली का?" समजावल्यावर पटलं. मॉइश्चरची नोंद वहीत आहे, ती कुणीतरी टाइप करायला पाहिजे. ते काम कुणाच्या गळ्यात पडलंय ते सांगायला नको.

तांबडा_पांढरा
वहीतला किती टक्के मजकूर वाचता येतोय?

वाळूचाळ
तिसऱ्या शिफ्टचा शून्य.

गुळाचा_रवा
वाळूचाळ यांचं झालं असेल तर माझं बघा कुणीतरी. मला उलटं पाहिजे, वर्षाच्या एकूण आवकेपैकी कुठल्या महिन्यात किती टक्के. त्यात महिने एप्रिल, ऑगस्ट, डिसेंबर, फेब्रुवारी असे इंग्रजी अक्षरांप्रमाणे लागलेत. आर्थिक वर्षाप्रमाणे एप्रिल ते मार्च कसे लावायचे?

पिवटपंत
कॅलेंडरमध्ये एप्रिलला १ ते मार्चला १२ असा क्रमांकाचा कॉलम करा, महिन्याच्या नावाला 'सॉर्ट बाय कॉलम'नं तो लावा. खाली भागताना महिन्याचा फिल्टर काढा, आर्थिक वर्षाचा ठेवा. म्हणजे दोन वर्षांचे मार्च एकमेकांत मिसळणार नाहीत.

गुळाचा_रवा
केलं. क्रम झकास लागला. पण आता बाराही महिने १०० टक्के दाखवतंय.

कागलकरीण
वर जा. डी-०१ वाला प्रतिसाद वाचा.